किल्ली रस्त्यानं धाडायची नाही

"दुसरीबी पोरगीच झाली ना, म्हणून मायनं हात आखडला. पाहा, डब्यात कितीसे लाडू!"

रिसोडात बाळंतीण सपना नवऱ्याजवळ कुरकुरत होती. फोन बंद करायचा राहून गेला होता, आणि इकडे किन्हीराजात गंगूनं आपला फोन अजून कानाला लावलेला. लेकीचा शब्द न् शब्द तिनं ऐकला.

डिंकाचे लाडू तिनं डबा ठासून भरले होते. नेणारा एकच, थोरलीचा नवरा जानराव. त्याची जीप रोज रिसोडला जाते. सगळं घर समजून होतं. पण जावयाला चोर म्हणणार कोण?

पुढच्या खेपेला गंगूनं लाडू पत्र्याच्या पेटीत घातले आणि कुलूप ठोकलं. तरी कमीच पोचले.

"किल्ली कशी धाडली?" सून सुकेशनीनं विचारलं. ती वाशीमला कॉम्प्युटर शिकवते.

"जवाईबापूजवळच देली. आन् कोनाजवळ देऊ?"

सुकेशनी पोट धरून हसली. "आई, किल्ली रस्त्यानं धाडाचीच नाई! तुमी कुलूप लावून पेटी धाडा. सपनाताई त्याच्याजोडीले आपलं कुलूप लावन, वापस धाडन. तुमी तुमचं काढा, पुन्हा धाडा. मंग ती तिचं काढन. नेटवरबी असंच काहीसं असते. मधातली यंत्रं निरोप वाहतात, पन वाचू नाई शकत. ज्याची किल्ली त्याच्याच घरी."

"म्हंजे लाडवायले तीनदा जीपीत फिरोव!"

पेटी गेली, दोन कुलपं लेवून परत आली. गंगूनं आपलं काढलं. तिसऱ्या खेपेला जानरावानं पेटी उचलून कानाशी हलवली.

"मामी, पेटी काय रिसोडले नोकरीले लागली काय?"

सुकेशनीनं त्याला सारं समजावलं, पार इंटरनेटासकट. कोणापासून जपायचं, तेवढं मात्र गिळलं. "सपनाताईले वाटते भाऊजी, दुसरी पोरगी झाली म्हणून आईची माया आटली. थे कसं सहन होईन?"

जानरावाचा चेहरा उतरला. गंगूलाच कसंसं झालं. "रस्ता लय खराब हाय, जवाईबापू," ती घाईनं म्हणाली. "सांडत असतीन."

जानरावानं पेटी ओट्यावर ठेवली आणि सपनाला फोन लावला.

"सपने, तुह्या मायनं कदीच कमी नाई देले. लाडू मी खाल्ले."