मोहाखालचं दार

मी एक जुनी कातीण आहे. तुम्ही मला कोळी म्हणता आणि लगेच माझं जाळं शोधू लागता. मित्रांनो, जाळी विणायची आमच्यात रीत नाही. मी वीतभर खोल बीळ खणते, आतून रेशमाचं अस्तर लावते आणि वर मातीचं गोल दार बसवते. दाराला रेशमाची बिजागरीसुद्धा असते. एवढी फुशारकी चालवून घ्या, कारण अशी दारं करणारी आमची जात वैनगंगेतल्या या एकाच बेटावर राहते.

देशात पहिली निवडणूक झाली, त्या सालची गोष्ट. फाल्गुनात पलीकडच्या गावचा म्हातारा सुतार मुखरू सुनेला, सुकरीला घेऊन डोंग्यातून आला. मोहाची फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे फुलं भराभर वेचता येतात. आमच्या बेटावर त्याआधी कोणी मोह वेचायला आलंच नव्हतं. आग काय असते, हे मला ठाऊक नव्हतं. माझं बीळ एका मोहाखालीच होतं आणि माझी साठेक पिल्लं अजून आतच होती.

आधी डोक्यावर चरचर ऐकू आली, मग दार तापलं. मी ते आतून ओढून धरलं. पाय भाजले, पण सोडलं नाही. केवढी ती आग! अख्खं आभाळ माझ्या दारावर येऊन बसल्यासारखं वाटलं, आणि बघता बघता ती निघूनही गेली. दार टिकलं, बिजागरी मात्र जळाली. सुकरी राख झाडू लागली, तसं दार बाजूला उडालं आणि आम्ही उन्हात उघडे पडलो.

“इचवाचं बीळ असन. गोटा ठेव त्यावर,” मुखरू म्हणाला.

“नाई मामाजी, इथी तं लेकरं हायेत! अन् हे पाहा, दार हाये याले.”

मुखरूने दार तळहातावर घेतलं, कडा चाचपली, बिळावर ठेवून पाहिलं. केसाएवढीही फट राहिली नाही. तो तिथेच मांडी घालून बसला.

“चाळीस सालं झाले, दारं बसवून राह्यलो. असं एकबी नाई बसलं माह्या हातून.”

अजून दोन मोहांखालचा पाचोळा जाळायचा होता. तिथे माझ्या बहिणी होत्या, त्यांची पिल्लं होती. मुखरूच्या हातात आगपेटी होती आणि मला तर ओरडताही येत नाही. माझा जीव टांगणीला लागला. मुखरू त्या झाडांखाली गेला, गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी एकेक पान उचलू लागला.

“इथी बी दार हाये. इथी बी!”

त्याने आगपेटी कनवटीला खोचली. “सुकरे, हातानंच उचलू पाचोळा.”

“दोन दिस लागतीन, मामाजी.”

“लागू दे.”

दोघं दोन दिवस वाकून पाचोळा उचलत होती. एवढे मोठे हात इतके हळू चालू शकतात, हे मी डोळे भरून पाहिलं.

मित्रांनो, रानात आगकाडी ओढण्याआधी तुम्हीही एकदा गुडघे टेका आणि चार पानं बाजूला करा. खाली कोणीतरी दार ओढून धरलेलं असेल.