छातीसमोरचा चेंडू

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या स्प्लिटमध्ये नव्याने राहायला आलेला माणूस ओळखायला मला एक क्षण पुरतो. तो कॉफी चालता चालता पितो. कागदी पेल्यातली, वर झाकण लावलेली. कॉफी घ्यायला बसलेला आमचा माणूस दीड तास उठत नाही. कप दहाव्या मिनिटाला रिकामा होतो, पण उठायचं कशाला? ह्यांना मात्र कुठेतरी पोहोचायचं असतं. समुद्र समोर, ऊन डोक्यावर, आणि ह्यांना पोहोचायचंय!

गावालगतच्या मार्यानच्या टेकाडावर ही मंडळी दोन हातांत दोन काठ्या घेऊन चढतात. तिथे माझी आई ऐंशीव्या वर्षापर्यंत चपला घालून, हातात भरलेली पिशवी घेऊन जायची. ह्यांच्या पाठीवर पाण्याची थैली, थैलीतून तोंडापर्यंत नळी. वर पोहोचले की एकमेकांना टाळ्या देतात, जसा काही डोंगर आजवर कुणी पाहिलाच नव्हता. मी बोटीच्या कारखान्यात चौतीस वर्षं वेल्डिंग केलं, मला टाळी द्यायला कोणी आलं नाही.

ह्या लोकांना एकत्र करून दर शनिवारी मोकळ्या हवेत नेण्याचा उद्योग माझ्या जुन्या दोस्ताच्या, यक्षाच्या पोरीने, नीवेसने, काढला होता. एका शनिवारी टेकडी, एका शनिवारी होड्या, एका शनिवारी फळीवर उभं राहून वल्हवणं. तोवर माझं काही म्हणणं नव्हतं, मूर्खांनाही सुट्टी हवी. पण मे महिन्यात ती त्यांना घेऊन बाच्वित्सेच्या चौपाटीवर वाळूत उतरली. सकाळी दहा वाजता. आमच्या वेळेला, आमच्या पाण्यात.

बाच्वित्सेचं पाणी पोटरीएवढं आहे आणि लांबवर तेवढंच राहतं. तिथे आम्ही पिचिगिन खेळतो. पाच जण गोल करतात आणि टेनिसचा चेंडू तळहाताने टोलवत राहतात. चेंडूची लव आधी सोलून काढलेली असते. पकडायचा नाही, पाण्यात पडू द्यायचा नाही, एवढंच. गुण नाहीत, हरणं-जिंकणं नाही. हे बाहेरच्याला सांगून पाहा, तो विचारतो, "मग कळतं कसं कोण चांगलं खेळलं?" अशा माणसाशी काय बोलायचं?

कोण चांगलं खेळतो ते सगळ्यांना कळतं. तिघे जागेवर उभे राहून चेंडू देतात, दोघे धावतात आणि झेपावतात. अंगाच्या लांबीइतकी झेप, पाण्यावर आडवं, आणि पडता पडता चेंडू परत वर. मी एकतीस वर्षं झेपावणारा आहे. जानेवारीत उत्तरेचा बोचरा वारा सुटला तरी चड्डीवर मी पाण्यात असतो. झेपावणाऱ्याच्या हातून चेंडू वरचेवर पडायला लागला की तो आपण होऊन आत सरकतो, उभ्यांच्यात. त्याला कोणी सांगत नाही. यक्षा नऊ वर्षांपूर्वी सरकला. उभ्यांच्यातून पुढे एकच जागा उरते, काठावरच्या कठड्यावर, पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांशेजारी. मी त्या कठड्याकडे बघतसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा कापला. डॉक्टर म्हणाला, आता पोहा, चाला, उड्या विसरा. चार महिन्यांनी मी पाण्यात उतरलो, आणि बघतो तर काय, चेंडू हातून सुटेचना. यक्षा म्हणायचा, "विच्को, लेका, तू पूर्वीपेक्षा बरा खेळतोयस." त्या डॉक्टरची खिल्ली मी गावभर उडवली. चौसष्टाव्या वर्षी माझी जागा माझी होती, आणि ती मी मेल्यावरच कोणी घ्यावी असं माझं ठरलं होतं.

म्हणून नीवेसने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

"काका, एकदा येऊन दाखवाल का त्यांना? बाबा म्हणतात, तुमच्यासारखी झेप कुणाची नाही."

"येतो की," मी म्हणालो. मनात म्हटलं, असं खेळवतो की पुन्हा पाण्याकडे फिरकणार नाहीत.

शनिवारी दहा जण उभे होते. खाली मऊ वाळू, तरी सगळ्यांच्या पायांत रबरी बूट. नाकांवर पांढरं मलम. त्यांचा पुढारी वाउटर नावाचा डच, शिडीसारखा उंच, त्याने चक्क शिट्टी आणली होती.

"ही कशाला?" मी नीवेसला विचारलं.

"खेळ सुरू करायला, म्हणतोय."

"त्याला सांग, इथे खेळ त्याच्या आजोबांच्या जन्माआधी सुरू झालाय. ठेव म्हणावं खिशात."

तिने काय सांगितलं देव जाणे, पण वाउटर हसला आणि मला अंगठा दाखवला. ह्यांचा अपमानसुद्धा करता येत नाही.

गोल केला. वाउटरने चेंडू टोलवला आणि तो माझ्या उजवीकडे, दोन हात लांब गेला. मी झेपावलो. चेंडू पाण्यात पडला, त्यामागून मी पडलो. उठलो, नाकातोंडातलं पाणी काढलं. "टोलवतोय की धोंडे मारतोय?" मी ओरडलो. दुसरा चेंडू एका फिनलंडच्या बाईचा, तो डोक्यावरून मागे. तिसरा डावीकडे, पाण्याला घासून. असल्या चेंडूंवर मी जगलो आहे. असल्याच चेंडूंसाठी झेपावणारा ठेवलेला असतो. मी प्रत्येकावर झेपावलो, आणि प्रत्येक वेळी चेंडू माझ्या बोटांपुढे वीतभर पाण्यात पडला. अकराच्या अकरा. बाराव्याला गुडघ्यातून कळ मस्तकात गेली आणि मी चार पायांवर उभा राहिलो.

ती फिनलंडची बाई धावत आली, मला उठवायला. मी हात झटकला.

तेवढ्यात नीवेस सगळ्यांना ओरडून सांगू लागली, हातवारे करत. इंग्रजी मला फारसं येत नाही, पण तिने आपल्या छातीवर हात आपटून दाखवला. इथे, इथे, बाजूला नाही.

"काय सांगतेयस त्यांना?"

"काही नाही काका. तुम्हाला छातीसमोर द्या म्हटलं. त्यांना माहीत नाही ना."

"काय माहीत नाही?"

पोर खोटं बोलण्यात बापासारखी पटाईत नाही.

"तुमच्या ऑपरेशननंतर सगळे तसंच देतात ना," ती म्हणाली. "छातीसमोर, एका पावलाच्या आत. बाबा अंगणात भिंतीवर खूण करून सराव करायचे. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

समुद्र तिथेच होता, ऊन तिथेच. मला इतकी लाज वाटली की त्या दहा बावळटांपैकी कुणाच्याही नजरेला नजर देववेना. दोन वर्षं मी गावभर छाती काढून फिरलो. दोन वर्षं चार माणसं मला चमच्याने भरवत होती, आणि वर शाबासकी देत होती.

दुसऱ्या दिवशी दहाला मी आमच्या गोलात उभा राहिलो.

"यक्षा," मी म्हणालो, "उजवीकडे टाक. लांब."

"वारा आहे रे."

वाऱ्याचा मागमूस नव्हता. झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.

"म्हाताऱ्या, मला सगळं कळलंय. तुझ्या अंगणातल्या भिंतीपर्यंत. टाक उजवीकडे."

यक्षाने रोकोकडे पाहिलं. रोको माझ्याबरोबरचा दुसरा झेपावणारा, त्याने उभ्यांच्यातल्या बेपोकडे पाहिलं. बेपोला पाण्यात काहीतरी सापडलं आणि तो खाली वाकला. आमच्याकडे हे असंच. तोंडावर शिव्या देतील, आईबहिणीपर्यंत जातील, पण खरी गोष्ट सांगायची वेळ आली की सगळ्यांना एकदम वाळूत शिंपले दिसतात.

"सांगितलं असतं तर तू आला असतास का?" यक्षा शेवटी म्हणाला.

"नसतो आलो."

"मग? गप खेळ."

आणि त्याने चेंडू टोलवला. बरोब्बर छातीसमोर. इतका अचूक की यक्षाने उभ्या आयुष्यात तसा चेंडू दुसऱ्या कुणाला दिला नसेल. माझा हात आपोआप उठला आणि मी तो परतवला. नालायक हात. रविवार ते शुक्रवार तो अजूनही परतवतो. मी त्यांना शिव्या घालतो, ते मला घालतात, आणि चेंडू पडत नाही.

शनिवारी मात्र मी तिकडे जात नाही. शनिवारी मी पलीकडे, रबरी बुटांच्या गोलात असतो. नीवेसला ताकीद दिली आहे, छातीवर हात ठेवून दाखवलास तर तंगडं मोडीन. वाउटर शिट्टी फुंकतो, मी त्याला माझ्या भाषेत शिवी देतो, तो अंगठा दाखवतो. मग चेंडू भलतीकडेच जातो आणि मी झेपावतो. दहातले नऊ पडतात. गेल्या शनिवारी एक लागला, डावीकडचा, बोटांच्या टोकांना, पाण्यापासून वीतभर वर, आणि त्या फिनलंडच्या बाईने टाळी देण्यासाठी हात पुढे केला. मी दिली.

तीन महिने झाले, त्या गाढवांना अजून सरळ चेंडू देता येत नाही. देवा, त्यांना तो कधीच देता येऊ नये.