तेवढं लिहून द्या

माझी मावशी आमच्या गावातल्या यूथ हॉस्टेलमध्ये एकोणीस वर्षं सफाईचं काम करते. रोज चाळीस पलंगांच्या चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची, कुणाचा चष्मा राहिला, कुणाचा एकच मोजा, ते काउंटरवर जमा करायचं. हॉटेलचं भाडं न परवडणारी, पण घरात पाय न ठरणारी पोरं तिथे देशोदेशीहून उतरतात. त्यांच्याशी बोलता बोलता मावशी सात भाषांत ‘पाणी गरम आहे’ म्हणायला शिकली. तापाने फणफणलेल्या एका मुलीला तिने तीन दिवस सूप भरवलं, तर त्या मुलीने जाताना तिला मोज्याची टाच विणायला शिकवली.

पण मावशी स्वतः मात्र कधी कुठे पाहुणी म्हणून उतरली नव्हती. यंदा हॉस्टेल चालवणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यांनाही सभासदत्वाचं कार्ड दिलं. संस्थेच्या कुठल्याही हॉस्टेलमध्ये राहा म्हणाले. माझी परीक्षा संपली होती. मावशी म्हणाली, “चल, समुद्र बघून येऊ. एकदा आपणही पाहुणे होऊ.” मी माझंही कार्ड काढलं आणि फोन करून दोन पलंग राखून ठेवले.

सहा तासांच्या बसप्रवासानंतर दुपारी पोचलो. काउंटरवरच्या तरुण मॅनेजरने कार्डं पाहिली, मग आम्हाला पाहिलं, मग मावशीच्या कापडी पिशवीकडे.

“सॉरी, लोकल लोकांना आम्ही डॉर्मिटरी देत नाही.”

“लोकल कसले?” मावशी म्हणाली. “सहा तास हाडं खिळखिळी करून आलोय.”

“तसं नाही. म्हणजे... याच देशातले.”

मावशीला क्षणभर वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. “हा संस्थेचा नियम आहे?”

“नियम नाही, इथली पद्धत आहे. बाहेरच्या पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं. तक्रारी येतात.”

“आमच्या? आम्ही तर आत्ताच दारातून आत आलोय.”

सोफ्यावर बसलेल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिची बाही ओढली. “मावशी, चल ना, दुसरीकडे बघू.”

“तू गप्प बस. चूक त्यांची, मान खाली आपण का घालायची?”

मॅनेजरने आवाज खाली आणला. “हे बघा, मागे स्टाफची एक खोली आहे. तिथे राहा. पैसेसुद्धा घेणार नाही.”

“म्हणजे थप्पडही तुम्हीच मारणार आणि फुंकरही तुम्हीच घालणार!” मावशीचा आवाज मात्र चढला. “डॉर्मिटरीत पलंग रिकामे आहेत का?”

“आहेत, पण—”

“मग मला एवढंच लिहून द्या. यांच्याकडे कार्ड आहे, बुकिंग आहे, पलंगही रिकामे आहेत, पण या याच देशातल्या आहेत म्हणून जागा नाकारली. खाली सही आणि शिक्का.”

“असं कसं लिहून देणार?”

“का? जे तोंडाने बोलवतं, ते हाताने लिहवत नाही?”

मावशी खुर्ची ओढून काउंटरसमोर बसली. मॅनेजर आत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला आणि पाऊण तासाने आमच्यापुढे किल्ली ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

खोलीत तीन परदेशी मुली होत्या. एक तळपायाच्या फोडांना पट्टी लावत होती. आम्हाला बघून तिने आपली भलीमोठी बॅग पलंगाखाली सरकवली आणि दीपस्तंभाला जाणारी बस कुठून सुटते ते मला विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं. मग नकाशा पसरून पाचही जणी त्यावर वाकलो आणि शेवटी सगळ्या मिळूनच गेलो. अवघडलेली अशी एकच होती, ती म्हणजे मी.

समुद्रासमोरही मावशी धुमसतच होती. मी म्हटलं, “अगं, जागा मिळाली ना? आता कशाला डोकं तापवतेस?”

“आपल्याला मिळाली गं. ज्यांना भांडता येत नाही त्यांचं काय? ते बिचारे मागच्या खोलीत आभार मानून झोपले असतील. ही हॉस्टेलं काढली कशाला? खिशात फार नसलेल्यांनी हिंडावं, एकमेकांना बघावं, म्हणूनच ना? मग आपल्याच माणसांनी तेवढं दाराबाहेरून बघायचं?”

तिथेच वाळूत बसून तिने मला संस्थेला पत्र लिहायला लावलं. दीड महिन्याने उत्तर आलं: ‘गैरसमजातून झालेल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो.’

मावशी भडकली. “गैरसमज? समज अगदी पक्का होता त्याचा. गैर होता, एवढंच!”

आमच्या हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी तिला बजावलं, “आता पुरे कर. नोकरी आहे म्हटलं.” मावशीने दुसरं पत्र लिहिलं. त्याखाली स्वयंपाकघरातल्या दोघी, रात्रपाळीचा पहारेकरी, धोबी अशा अकरा जणांनी सह्या केल्या. शेवटी वॉर्डनबाईंनीही पेन मागून घेतलं.

पुढच्या महिन्यात सगळ्या हॉस्टेलांना परिपत्रक गेलं: कोणत्याही सभासदाला तो कुठला आहे यावरून पलंग नाकारता येणार नाही. तो मॅनेजर मात्र अजून त्याच काउंटरवर आहे. मावशीला ते काही पटलेलं नाही. तिसऱ्या पत्रासाठी तिने मला रविवारी बोलावलंय.