बरगडी व्याह्यांना आणि कांदे मला

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी परात आहे आणि सध्या मी जाम वैतागलेली आहे! दूर नारीन नावाच्या डोंगराळ मुलखात, बर्च नावाच्या झाडाच्या खोडातून मला कोरलं. तेव्हापासून तोलोगोन आजोबांच्या घरची प्रत्येक मेजवानी माझ्यावरच वाढली गेली. वाफाळतं मटण माझ्यात आलं की आजोबा सुरी उचलत आणि ज्याचा त्याचा मान बघून एकेकाला वाटा देत. कमरेचं मोठं हाड मानाच्या पाहुण्याला, बरगडी धाकट्यांना, मेंढ्याचा कान लेकरांना. कधी चूक नाही! सगळे म्हणत, "वाटावं तर तोलोगोननं!" मीही फुगायचे.

मग वसंतात डॉक्टरांनी आजोबांना रक्तातली चरबी कमी करायची गोळी दिली. (चरबी कुठून आली, ते मला विचारू नका.) थोड्याच दिवसांत आजोबा नावं विसरू लागले. आणि एका मेजवानीत त्यांनी सूनबाईच्या वडिलांना, सागिनना, चक्क बरगडी दिली!

"बरगडी? लेक दिली म्हणून मी तुमचा गडी झालो काय?" सागिन न जेवता उठले. सूनबाई रडली. आजोबांचा धाकटा भाऊ जुमाश म्हणाला, "दादा, आता सुरी माझ्याकडे द्या. म्हातारपणानं डोकं चालेना तुमचं."

मी ओरडत होते, "अहो, काल-परवापर्यंत ठीक होते ते!" पण परातीचं कोण ऐकतं? आजोबांना कोपरा मिळाला आणि मला कांदे. कांदे! माझ्यावर!

नात बुरुल तेवढी गप्प बसली नाही. "आजोबा, म्हातारपण असं एका महिन्यात येतं होय? नवीन काय सुरू झालं? गोळी!"

"मग फेकतो ती!"

"फेकायची नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं."

डॉक्टर म्हणाले, "या गोळीनं क्वचित होतं असं. आधी का नाही सांगितलंत?"

"विसरलो," आजोबा म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. हळूहळू नावं परत आली. शरद ऋतूत सागिनना पुन्हा बोलावलं. कांदे उतरले, मी घासूनपुसून बाहेर आले. जुमाशनं तोंड वाकडं करत सुरी दिली. आजोबा माझ्यावर वाकले आणि थांबले. मग कमरेचं हाड अलगद सागिनपुढे गेलं.

"हं, आता जेवतो," सागिन म्हणाले.

मग आजोबांनी कान कापला. "बुरुल, हा तुझा. या घरात माझ्याकडे कान देणारी तू एकटीच."

मित्रांनो, घरातलं कुणी विसरू लागलं, तर लगेच कोपरा दाखवू नका. नवीन काय घडलं, ते आधी विचारा. आणि हो, कांद्यांसाठी टोपली असते!