शांत लटकणाऱ्या कोंबड्या

तीन आठवडे झाले, कारखान्यातल्या कोंबड्या फार शहाण्यासारख्या वागत होत्या आणि त्याचं सगळं श्रेय मिस्त्रीला मिळालं होतं.

इथे कोंबड्या साखळीवर उलट्या टांगून यायच्या, पाय आकड्यात आणि डोकं खाली. आधी डोकं करंटच्या पाण्यातून जायचं, कोंबडी बेशुद्ध व्हावी म्हणून. मग गळा कापणारं पातं, मग कढत पाण्याची टाकी. पाणी आणि पातं यांच्या मधल्या चार हात जागेत तपासणीच्या काकू उभ्या असत. शंभरातली एक कोंबडी धरायची आणि तिच्या बुबुळाला बोट लावायचं. पापणी हलली नाही तर तक्त्यावर बरोबरची खूण. हलली तर डोक्यावरची लाल दोरी ओढायची, की साखळी बंद. बारा वर्षांत काकूंनी ती दोनदाच ओढली होती.

मिस्त्री त्यांचा जावई. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह तर नोकरी गेल्यावर वर्षभर काकूंच्याच घरात मुक्कामाला होता. शेवटी काकूंनीच साहेबांकडे शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं. पोरगा हुशार. जास्त करंटमुळे पंखांची हाडं मोडतात, मांसात रक्ताचे डाग पडतात, हे बघून त्याने करंट उतरवला. डाग गेले. शिवाय फडफडही थांबली. पूर्वी पाण्यातून निघालेल्या कोंबड्या थडथड उडायच्या, आता ओल्या फडक्यासारख्या गप्प लटकत.

“आता कशाला बोटं घालताय डोळ्यांत, आई? दिसतंय की,” तो म्हणाला होता. काकूंना ते पटलंही. पटायला काय, बोटांचे सांधे ठणकतच होते. तेव्हापासून त्या नुसतं बघून खुणा करत होत्या.

आज मोठी गिऱ्हाइकं कारखाना बघायला आली होती. त्यांच्यादेखत साहेब मिस्त्रीला विभागाचा मुख्य करणार होते. लेकीने सकाळीच फोन करून सांगितलं होतं, “आई, आज काही गडबड नको हं.” जशी काही आई गडबडीची खाणच.

पाहुण्यांचे आवाज जवळ आले तेव्हा एका कोंबडीच्या डोळ्यावर पीस चिकटलेलं काकूंना दिसलं. बरं दिसत नाही म्हणून त्यांनी ते बोटाने काढलं. पापणी मिटली. मग उघडली आणि डोळा काकूंकडे वळला.

कोंबडी पुढे गेली, पात्याखाली. त्यांनी मागची धरली. पापणी मिटली. तिच्या मागची. तीही. पाच धरल्या, पाचही जाग्या.

“जावईबापू!”

मिस्त्री हसत आला. काकूंचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं.

“ह्या जाग्या आहेत.”

“हळू बोला. हलतायत का तरी?”

“हलता येत नाही म्हणून हलत नाहीत. अंग लुळं पडलंय, जीव जागा आहे. बोट लावून बघा.”

त्याने बोट लावलं नाही. म्हणजे त्यालाही शंका होती तर. किती दिवसांपासून, हे विचारायचं काकूंना धाडस झालं नाही. ते बोलत होते तेवढ्यात तीसचाळीस कोंबड्या पात्याकडे गेल्या.

“मरायचंच आहे ना त्यांना? मेल्यावर काय फरक पडतो?”

“मेल्यावर नाही. मरताना पडतो.”

“पाहुणे जाऊ देत, दुपारी करंट वाढवतो. आई, पाया पडतो. तुमच्या लेकीचा तरी विचार करा.”

लेकीचाच विचार चालला होता. ती वर्षभर नवऱ्याचं तोंड चुकवत स्वयंपाकघरात बसायची, ते काकूंना आठवलं. दुपार म्हणजे तीन तास. तीन आठवडे गेले, तिथे तीन तासांनी काय होतंय? असा हिशोब आपल्याला सुचतोय, याची त्यांना किळस आली. त्यांनी हात वर केला आणि दोरी ओढली.

साखळी खडखडत थांबली. साहेब पाहुण्यांना मागे टाकून धावत आले. “कोणी ओढली?”

पाण्यातून नुकत्याच निघालेल्या कोंबड्या जागच्या जागी लटकत होत्या. मिनिटभराने त्यांतल्या एकीने मान वाकवून डोकं वर उचललं. मग तिच्या शेजारणीने. मग रांगच्या रांग डोकी वर येऊ लागली. पाहुण्यांपैकी एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

साहेब घाम पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आज सकाळीच बिघडलंय ना हे, काकू?”

मिस्त्रीने काकूंकडे बघत होकाराची मान हलवली, अगदी जराशी. एक ‘हो’ म्हटलं की सगळं निभावत होतं. साहेब निभावत होते, जावई निभावत होता, काकू स्वतःसुद्धा.

“नाही साहेब. तीन आठवडे झाले. करंट ह्यांनी उतरवला, पण तक्त्यावरच्या खुणा माझ्या आहेत. डोळ्याला बोट न लावता केल्यात मी.”

साहेब पाहुण्यांना बाहेर घेऊन गेले. मिस्त्री तिथेच, करंटच्या डब्याला टेकून खाली बसला.

“घरी काय सांगू मी?” तो म्हणाला.

“सांगा, आईने नोकरी घालवली,” काकू म्हणाल्या. “आणि उठा आता. ह्यांना आकड्यांवरून उतरवायला लागा.”