गवतात हरवलेले डोके

मी एक जुना हातोडा आहे. खरे म्हणजे हातोड्याचे नुसते डोके. दांडे काय, चार आले नि चार मोडले. मित्रांनो, डोंगरातल्या आमच्या गावात हट्टी माणसालाही 'हातोड्याचं डोकं' म्हणतात. माझा मालक गावरिला याला तर त्याची बायको पारास्किवा दिवसातून दहा वेळा म्हणायची. ते ऐकून मला उगीच मोठेपणा वाटे.

लोहाराने मला रेल्वेच्या तुटक्या रुळातून घडवले. माझे काम एकच. लांब दांड्याच्या विळ्याचे पाते छोट्या ऐरणीवर धरायचे आणि त्याची कड ठोकून ठोकून पातळ करायची. धार असली तर गवत कापले जाणार, गवताची गंजी झाली तर हिवाळ्यात गाय जगणार. आमची टकटक दरीपलीकडे ऐकू जाई. "गावरिलाच ठोकतोय, दुसऱ्या कुणाचा हात नाही हा!" असे लोक म्हणत आणि मी फुशारून जाई.

पण माझा दांडा सैल झाला होता. नवा दांडा चुलीच्या उबेत वाळून तयार होता. तो बसवायला कितीसा वेळ लागतो? गावरिला मात्र मला झऱ्यात बुडवून ठेवी. लाकूड फुगे आणि मी तेवढ्यापुरता घट्ट बसे.

"नवा दांडा घाल की रे त्याला!" पारास्किवा ओरडे.

"पाण्यात टाकलं की होतं घट्ट. एवढं कुरण कापून होऊ दे."

"तीन वर्षं हेच ऐकतेय. हातोड्याचं डोकं मेलं!"

एके दुपारी वरच्या कुरणात ऊन कडक पडले. दांडा वाळला आणि ठोकता ठोकता मी निसटलो. उंच गवतात उडालो आणि ओल्या मातीत रुतलो. गावरिला गुडघ्यांवर रांगत मला शोधत होता. एकदा त्याचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावरून गेला. मला हाक मारता आली नाही.

तीन हिवाळे मी तिथे एकटा पडून होतो. दरीतून इतरांची टकटक येई, आमची नाही. दोन उन्हाळे तो पुन्हा येऊन शोधून गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात आला नाही.

त्या वर्षी बर्फाने जमीन फुगली होती आणि मी वर आलो होतो. कुरणात पारास्किवा एकटीच विळा चालवत होती, डोक्याला दुखवट्याचा काळा रुमाल बांधून. पाते खणकन माझ्यावर आपटले. ज्या धारेसाठी मी जन्म घालवला, तिलाच मी खाच पाडली.

तिने मला उचलून माती पुसली. "इथं होतास होय रे? जाताना पण तुझंच विचारत होता तो." मग ती तिथेच बसून खूप रडली.

घरी तिने तोच जुना 'नवा' दांडा मला बसवला, वर पाचर मारली. आता तीच पाते ठोकते. ठोके वेडेवाकडे पडतात.

मित्रांनो, जे सैल झाले असेल ते वेळेवर बसवा, पाण्यात बुडवून दिवस ढकलू नका. माझा दांडा आता पक्का आहे. ज्या हातासाठी तो वाळत ठेवला होता, तो हात तेवढा राहिला नाही.