नाव कोणाचं लावायचं?

आपल्याकडच्या अनेक संस्थांमध्ये एक रीत आहे आणि ती तुम्हा-आम्हाला चांगली ठाऊक आहे. शोधनिबंध लिहायचा एकाने आणि त्यावर पहिलं नाव लागायचं साहेबांचं! त्याला कोणी चोरी म्हणत नाही. ज्येष्ठांचा मान म्हणतात.

आम्रपाली सिंहगड रस्त्यावरच्या एका व्यवस्थापन संस्थेत करारावर शिकवत होती. हिंजवडीत ज्यांच्या शेतांवर आयटी कंपन्या उभ्या राहिल्या, त्या घरांतल्या बायकांना त्याच इमारतींत कोणतं काम मिळालं आणि तिथे त्यांना कसं वागवलं जातं, यावर तिने संशोधन केलं होतं. निबंध तयार झाला होता. संदर्भ लावून झाले होते, गोषवारा कापून कापून शब्दमर्यादेत बसवला होता. व्यवस्थापनशास्त्राच्या एका नामांकित जर्नलकडे तो पाठवायचा होता.

संस्थेचे संचालक डॉ. वैजनाथ यांच्याकडे ती मसुदा घेऊन गेली. त्यांनी पहिलं पान पाहिलं आणि मसुदा मिटून ठेवला.

"छान. माझं नाव पहिलं टाका, तुमचं दुसरं."

"सर, पण आपण या कामात..."

"अहो, संस्था कोणाची? तुमच्या कराराचं नूतनीकरण कोणाच्या सहीने होतं? आणि तुमच्या नावावर तो निबंध उघडून तरी कोण बघणार? आजवर इथून गेलेल्या प्रत्येक निबंधावर माझं नाव आहे. कोणाचं काही अडलं नाही. सोमवारी पाठवून टाका."

आम्रपाली संतापाने धुमसतच धायरीला घरी आली. रविवारी सकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. धोंडिबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. बोलायचे कमी, पण ऐकायचे नीट. त्यांनी निबंधाची पानं चाळली आणि विचारलं, "या बायकांशी बोललं कोण?"

"बरंचसं तनुजाने. हिंजवडीचीच मुलगी आहे, बी.कॉम. झालेली. मी गेले की बायका 'समदं बरं हाय' म्हणून मोकळ्या व्हायच्या. तनुजाजवळ मात्र बोलायच्या. प्रश्न आम्ही दोघींनी ठरवले, उत्तरांची छाननीही दोघींनीच केली."

"मग तिचं नाव कुठंय?"

"शेवटी आभारात आहे ना, बाबा. ती काही संशोधक नाही. तिला चालेल."

धोंडिबांनी चष्मा काढला. "म्हणजे सर तुला जे म्हणाले तेच तू तिला म्हणतेस. तुझा आवाज तेवढा गोड आहे."

"बाबा! दोन्ही सारखं कसं?"

"वेगळं कसं, ते सांग. मी ऐकतोय."

आम्रपालीने आभाराचं पान पुन्हा उघडलं.

"माझ्या आज्याला गावाने जन्मभर अर्ध्या नावाने हाक मारली," धोंडिबा म्हणाले. "काम पुरतं घेतलं, नाव अर्धं दिलं. आपल्या घराने धम्म स्वीकारला तो ताठ मानेने, पुऱ्या नावाने जगता यावं म्हणून. आणि आता आपणच दुसऱ्याचं नाव गिळायचं? सरांशी भांड, जरूर भांड! पण आधी हिंजवडीला जाऊन ये."

केवढी लाज वाटली तिला! अन्याय वरून आला की तो तिला ताबडतोब दिसत होता. तिच्या हातून खाली जाणारा मात्र दिसलाच नव्हता!

दुपारी ती तनुजाच्या घरी पोचली. लेखक म्हणून नाव लावायचं आहे म्हटल्यावर तनुजा म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? तुमी धाडलेल्या पानावर आभारात नाव बघितलं तवा राग आलता मला. पन बोलून काय उपेग, म्हनलं."

"चुकलं माझं, तनुजा."

"मग आता आख्खं वाचून दाखवा. नाव माझं लागनार, तर आत चुकीचं काय जायला नको."

दोघी संध्याकाळपर्यंत बसल्या. एका वाक्यावर तनुजाने बोट ठेवलं. "हितं 'असहाय' का लिहिलंय? हे बोलली ती सोजरआत्या असहाय न्हाई, चिडलेली हाय. तेच लिवा." आम्रपालीने तो शब्द खोडला, आणि तो परिच्छेद पुन्हा लिहिला.

सोमवारी ती संचालकांपुढे उभी राहिली. खोलीत दोन-तीन प्राध्यापक बसले होते, त्यांत तरुण रोहनही होता.

"सर, प्रत्येक लेखकाने काय काम केलं, हे जर्नलला लिहून द्यावं लागतं. आपल्या नावापुढे काय लिहू?"

"लिहा, मार्गदर्शन."

"या निबंधाचा निष्कर्ष काय आहे, सर?"

वैजनाथ लाल झाले. "तुम्ही माझी परीक्षा घेताय?"

"नाही सर. परीक्षा जर्नलचे परीक्षक घेतील. त्यांच्याकडे निबंध लेखकांची नावं काढूनच जातो. त्यामुळे आपल्या नावाने तो तरणार नाही, आणि आमच्या नावाने बुडणारही नाही."

"करार आठवतोय ना?"

"आठवतोय. आपली सही आपल्याकडे राहू द्या. आमचं काम आमच्या नावावर राहू द्या!"

त्याच दिवशी निबंध गेला. लेखिका दोन होत्या, आम्रपाली आणि तनुजा.

करार अर्थातच संपला. आम्रपालीने काही महिने दोन कॉलेजांत तासांवर शिकवून काढले. परीक्षकांनीही निबंध सहज मान्य केला नाही. कडक शेरे मारून तो परत पाठवला, सुधारून दिल्यावर आणखी एकदा परत पाठवला. दोघींनी प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिलं. अखेर तो स्वीकारला गेला, आणि तनुजाने पुढे शिकायचं ठरवलं.

इकडे संस्थेत रोहनने आपला निबंध पाठवताना संचालकांचं नाव वगळलं. त्याच्यामागून आणखी तिघांनी वगळलं. एकीला काढता आलं, सगळ्यांना कसं काढणार? वैजनाथ सरांचं मन पालटलं की नाही, कोण जाणे. पण ते नाव मागायचे थांबले!

वाचकहो, साहेबाला नाव नाकारण्याची हिंमत आपल्यात यायलाच हवी. पण ज्याच्या कष्टावर आपण उभे आहोत, त्याचं नाव आपल्या हाताने लिहिल्याशिवाय त्या हिमतीला न्याय म्हणता येणार नाही. काम ज्याचं, नाव त्याचं! ज्याला ते मागता येत नाही, त्याचं नाव न मागता लावायला आजपासून शिका.